महापालिकेच्या दोन शाळा, पुस्तक एकच, मग निकालात एवढं अंतर का?

प्रश्न एका वडिलांचा आहे. राहायला मुंबईत, चेंबूर आणि गोवंडीच्या सीमेवर, मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार. घरापासून चालत जाता येतील अशा महापालिकेच्या दोन शाळा आहेत. चेंबूरकडच्या शाळेत शिरल्याबरोबर शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांच्या फोटोंचा फलक दिसतो. गोवंडीकडच्या शाळेबद्दल शेजारीपाजारी सांगतात की तिथल्या पाचवीच्या पोरांना धड वाचता येत नाही. पुस्तकं दोन्हीकडे बालभारतीचीच, शिक्षकांचे पगार सारखे, फुकट मिळणाऱ्या वस्तूही सारख्या. मग एवढी तफावत कशी, आणि शाळा निवडायची तर काय बघून, असं त्यांनी विचारलंय.

मी महापालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये एकतीस वर्षं काढली. त्यातली अकरा गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात, शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हा आता कुणाला बरं वाटावं म्हणून लिहायची गरज उरलेली नाही. शाळेच्या निकालाची सरासरी शाळेबद्दल थोडं सांगते. शाळेत कोण येतं आणि वर्षातले किती दिवस येतं याबद्दल खूप जास्त सांगते. शाळेचं काम बघायचं तर शेवटच्या बाकावरचं पोर जूनमध्ये कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे पोहोचलं ते बघावं लागतं. ते कुठल्याच फलकावर नसतं.

आधी त्या फलकाचंच बोलू. शिष्यवृत्तीची परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती चौथी-सातवीला असायची, २०१७ साली पाचवी-आठवीला नेली होती. या परीक्षेला सगळा वर्ग बसत नाही. पंचेचाळीसच्या वर्गातून बाई दहा-बारा पोरं निवडतात, ऑगस्टपासून त्यांचे जादा तास सुरू होतात, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे येतात. ती पोरं चमकतात, त्यांचे फोटो लागतात, आणि ते लागायलाच हवेत. मीही लावलेत. पण जादा तास नेहमी शाळा सुटल्यावरच होतात असं नाही. दोन सत्रांच्या इमारतीत सुटल्यावर वर्गच मोकळा नसतो, पुढच्या सत्राची मुलं जिन्यावर रांग लावून उभी असतात. मग जादा तास वर्गातच होतात. बाई फळ्याजवळ दहा जणांना बुद्धिमत्ता चाचणीची गणितं समजावतात आणि उरलेले पस्तीस जण ‘पान नंबर तेवीस उतरवून काढा’ या कामाला लागतात. फलकावरचा एकेक फोटो बघताना मला ती उतरवून काढणारी पोरं आठवतात. त्या पस्तिसांचं त्या वर्षी काय झालं हे फलक सांगत नाही.

प्रगतिपुस्तकाचंही तसंच. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिक, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य वगैरे, आणि फक्त ३० गुण संकलित म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचे. तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला तेव्हा ५०-५०. कल्पना चांगली होती आणि अजूनही आहे, लहान मुलाला तीन तासांच्या पेपरवर तोलू नये हे मला मान्यच आहे. पण सत्तर गुण शिक्षकाच्या हातात आले की प्रगतिपुस्तकावर ‘ड’ ही खालची श्रेणी लिहायला कुणाचा हात धजावत नाही. ‘ड’ लिहिला की त्या मुलासाठी काय केलंत याची नोंद दाखवावी लागते. ‘ब-२’ लिहिलं की कुणी काही विचारत नाही. त्यामुळे ‘ब-२’ असलेलं दुसरीतलं मूल जोडाक्षरं वाचणारं असू शकतं आणि ‘क’ला काना ‘का’ इथं अडकलेलंही असू शकतं. आईबाप दोघांचीही पुस्तकं बघून समाधानानं सही करतात. सही करता येत नसेल तर अंगठा.

शाळेच्या हातातले गुण काय करतात ते एकदा सगळ्या राज्यानं पाहिलंय, दहावीला. २०१९ मध्ये भाषांसारख्या विषयांतले शाळेकडचे २० गुण काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. मुंबई महापालिकेच्या शाळांचा ७३.८१ वरून ५३.१४ वर. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि त्याचे सरासरी गुण मिळाले, राज्य ९५.३० वर, महापालिका ९३.२५ वर. तेच शिक्षक, तीच पुस्तकं, त्याच वस्त्या. बारा महिन्यांत मुंबईची पोरं एवढी ढ किंवा एवढी हुशार होत नाहीत. पण दोन घसरणी शेजारी ठेवून बघा. राज्य बारा टक्क्यांनी घसरलं, महापालिका वीस टक्क्यांनी. टेकू काढल्यावर कोण किती कोसळतं, त्यावरून कोण किती टेकूवर उभं होतं ते कळतं. आणि दहावीतली ती पडझड दहावीत सुरू झालेली नसते, तिचं मूळ दुसरीत असतं. त्याकडे येतेच.

अनेकजण मला ‘असर’च्या, म्हणजे मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या पाहणीच्या, अहवालाचे आकडे दाखवून मुंबईबद्दल विचारतात. तो अहवाल ग्रामीण भागाचा असतो. मुंबई त्यात येतच नाही.

आता मूळ प्रश्न. महापालिका सगळ्यांना सारखं देते हे खरं आहे. गणवेश, दप्तर, बूट, मोजे, छत्री-रेनकोट, वह्या, कंपास धरून २७ वस्तू. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. दुपारची खिचडी सगळ्यांना, पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदळाच्या हिशेबानं. हे सगळं मोजता येतं, म्हणून सारखं वाटताही येतं. वेळ तसा वाटता येत नाही. मुलाला शिक्षकासमोर बसायला वर्षात किती तास मिळाले, याचं कुठेही वाटप होत नाही, आणि सगळी विषमता तिथूनच आत शिरते.

कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. हे शाळेचे दिवस झाले, मुलाचे नव्हेत. एकदा जानेवारीत तिसरीच्या वर्गातली अगदी मागे पडलेली पाच मुलं घेऊन मी स्वतः हजेरीपट घेऊन बसले. जूनपासूनचं एकेक पान. त्यातली एक मुलगी हसरी, अक्षर सुरेख, पण वाचायला सांगितलं की गप्प. तोवर शाळा भरली होती १४१ दिवस, ती आली होती ८३. जूनचा सगळा महिना आणि जुलैचे दहा दिवस नाही, कारण गावाहून परतीचं तिकीट मिळालं नव्हतं. पावसाळ्यात वस्तीत पाणी भरलं ते चार दिवस. आईची बाळंतपणाची सुट्टी हिचीही सुट्टी, सोळा दिवस, धाकट्याला कोण बघणार? मग ठिपके ठिपके: दर आठवड्याला एक मंगळवार किंवा एक शुक्रवार. ते काही केल्या उलगडेना. शेवटी शाळेतल्या शिपाईमावशींनी सांगितलं, “बाई, त्यांच्या गल्लीत टँकर येतो त्या दिवशी.” दुपारच्या सत्राची मुलगी, टँकर बाराला येतो, रांगेत हंडे धरायला घरात हिच्याशिवाय कोणी नाही.

त्या मुलीचं डोकं मंद नव्हतं. तिला शाळेचे साठ टक्के दिवससुद्धा मिळाले नव्हते, एवढंच. आणि जे मिळाले तेही फाटके. भागाकार सोमवारी सुरू झाला, मंगळवारी ती नाही, बुधवारी बाई पुढच्या पायरीवर.

चेंबूरकडच्या त्या शाळेतली मुलंही काही बंगल्यातली नसतात. रिक्षावाल्याची, घरकाम करणाऱ्या ताईची, वॉचमनची असतात. पण घर पक्कं, नळाला पाणी, आई दहावी झालेली, गणपतीला गावी गेली तरी आठ दिवसांत परत, आणि संध्याकाळी गल्लीतल्या शिकवणीला जातात. गोवंडी-मानखुर्द ज्यात येतं तो महापालिकेचा एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत तळाला होता. देवनारचं डंपिंग ग्राउंड, कत्तलखाना, आणि शहरातल्या रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांनी उठवलेली माणसं आणून बसवलेल्या मानखुर्दच्या इमारती, सगळं त्याच विभागात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली ती गोवंडीतून. अशी साथ आली की घरोघर पोरं आठ-दहा दिवस झोपून. तुमच्या दोन शाळांमध्ये अंतर असेल एखाद-दीड किलोमीटर, पण ते अंतर म्हणजे हे सगळं आहे. एका शाळेतल्या बाई दुसऱ्या शाळेत पाठवल्या तर सरासरी दोन टक्के इकडेतिकडे होईल. मुलं अदलाबदली केली तर फलकच उचलून तिकडे लावावा लागेल.

म्हणून शिक्षक निर्दोष, असं मी म्हणत नाहीये. वस्तीच्या नावाखाली आम्ही पुष्कळ काही झाकतो. ‘यांचे पालकच लक्ष देत नाहीत’ हे वाक्य मी शिक्षकखोलीत हजारदा ऐकलं, सुरुवातीच्या वर्षांत म्हटलंही. पण काही विषमता आमच्या कचेरीतल्या गणितातून तयार होते, तिचा ना पालकाशी संबंध ना शिक्षकाशी. ती कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महापालिका आठ माध्यमांतून शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. गोवंडी-मानखुर्दमध्ये बाहेरून एकच दिसणारी इमारत आत तीन-चार शाळांची असते. पहिल्या मजल्यावर उर्दू, वर हिंदी, त्याच्यावर इंग्रजी, कोपऱ्यातल्या चार खोल्यांत मराठी. प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, पट वेगळा, शिक्षकसंख्या वेगळी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. कागदावर नीट वाटतं. आता मराठी शाळेचा पट बघा. घरोघरी ‘इंग्लिश मीडियम’चं वेड, त्यामुळे पट घसरत घसरत ७० वर आलेला. ७० मुलांना तीन शिक्षक, आणि वर्ग पाच. म्हणजे पहिली-दुसरी एका बाईंकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या बाईंकडे, असे जोडवर्ग. त्यातले एक सर निवडणुकीच्या कामाला गेले की दोन शिक्षक आणि पाच इयत्ता. वरच्या मजल्यावर इंग्रजी शाळेत एका वर्गात पन्नास-पंचावन्न. इमारतीची सरासरी काढा, कायद्यात चपखल बसते. प्रत्यक्षात खाली एका बाईंसमोर दोन इयत्ता, वर एका बाईंसमोर पंचावन्न डोकी, आणि दोन्हीकडे मागच्या बाकापर्यंत कुणी पोहोचत नाही.

बदल्या आणि समायोजन हा आणखी एक प्रकार. पट कमी झाला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात आणि दुसरीकडे पाठवले जातात. हे सत्राच्या मध्येही होतं. एका शाळेत माझ्या हाताखाली दुसरीच्या वर्गाला एका वर्षात तीन वर्गशिक्षिका झाल्या. तिघीही चांगल्या होत्या. दुसरीच्या पोराला त्याचा काय उपयोग? तिसऱ्या बाईंना कोण कुठे अडलंय हे कळेपर्यंत मार्च आला.

आता यात २०२० पासून ‘मुंबई पब्लिक स्कूल’ आल्या. नवीन पाटी, नवा रंग, त्यांतल्या काही सीबीएसईसारख्या केंद्रीय मंडळांच्या शाळा. त्यांच्या प्रवेशासाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत. मी यांच्या विरोधात नाही, महापालिकेच्या शाळेसाठी लोक रांग लावतायत हे बघून उलट ऊर भरून आला. पण सोडत निष्पक्ष असली तरी सोडतीत चिठ्ठी टाकणारे निवडक असतात. फोनवर अर्ज भरणारा, जन्मदाखला आणि आधार वेळेत जमवणारा, तारीख लक्षात ठेवणारा पालक तिकडे जातो. तो पूर्वी आमच्या शाळेत होता. शाळा व्यवस्थापन समितीत तोच बोलायचा, नळ बंद असला तर तोच ओरडायचा. तो गेल्यावर जुन्या शाळेत उरतात ती सगळ्यात जास्त मदत लागणारी मुलं आणि सगळ्यात कमी आवाज असलेले पालक. दहा वर्षांपूर्वी लोक खासगी आणि महापालिका यांच्यातल्या दरीबद्दल बोलायचे. आज तुम्ही विचारलेला प्रश्न महापालिकेच्याच दोन शाळांमधला आहे, हे लक्षात घ्या.

मघाशी दहावीतल्या पडझडीचं मूळ दुसरीत असतं म्हटलं, त्याबद्दल.

चौथीचा एक मुलगा. वर्गतपासणीला गेले होते, बाईंनी मोठ्या कौतुकानं त्याला उभं केलं. पुस्तक उघडून त्यानं धडा घडाघडा वाचला, विरामचिन्हांपाशी थांबून, अगदी चालीत. मला त्याचे डोळे वेगळे वाटले. ते पानावर होते, पण ओळीवरून फिरत नव्हते. मी जवळ गेले आणि धड्याच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, “इथून वाच.” तो थांबला. मग ओठ हलायला लागले, आवाज नाही. मला आधी कळेना. तो धड्याच्या पहिल्या वाक्यापासून मनातल्या मनात म्हणत येत होता. माझ्या बोटापाशी पोहोचेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट गेला, आणि मग तिथून पुढे पुन्हा घडाघडा. त्याला अख्खा धडा पाठ होता. मी पान उलटून पुढच्या, अजून न शिकवलेल्या धड्यावर बोट ठेवलं, तर त्याला ‘ग’ आणि ‘ळ’ सोडून काही ओळखता आलं नाही. चार वर्षं हा मुलगा वर्गात वाचत होता. एवढं मोठं पाठांतर करणाऱ्या मुलाला मंद कोण म्हणेल?

पहिली आणि दुसरीत पुस्तक अक्षरांवर थांबतं. चित्रं मोठी, वाक्यं छोटी, बाईसुद्धा बाराखडी घेतात. तिसरीपासून पुस्तक धरून चालतं की मुलाला वाचता येतं. धडे लांबतात, परिसर अभ्यास येतो, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात. शिक्षकावर पाठ्यक्रम पुरा करायचं ओझं असतं, मागे वळून काना-मात्रा घ्यायला त्याच्या वेळापत्रकात खण नसतो. दुसरीच्या दिवाळीपर्यंत ज्याचं वाचन सुरळीत झालं नाही, ते पोर तिसरीपासून रोज वर्गात बसतं आणि रोज थोडं मागे जातं. आणि दुसरीत वाचन कोणाचं सुरळीत होत नाही? जे जुलैच्या मध्यावर गावाहून येतं त्याचं. जे जोडवर्गात बसतं त्याचं. घरी भोजपुरी किंवा वडारी बोलून शाळेत मराठीत, किंवा त्याहून कठीण म्हणजे थेट इंग्रजीत, अक्षरं गिरवतं त्याचं. बालवाडीचं तोंड न बघता पहिलीत येऊन बसतं त्याचं. सगळी विषमता या एका वर्षात जमा होते आणि पुढची आठ वर्षं तिचं व्याज चढतं.

यावर उपाय माहीत नाही असं नाही. उलट जगाला तो मुंबईनंच दाखवला. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये इथल्याच वस्त्यांमधून सुरू झाली. त्यांचा बालसखी नावाचा उपक्रम २००१ ते २००४ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत तपासला गेला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे त्या अभ्यासकांपैकी. त्या दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उपक्रम अगदी साधा होता. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, पगार शिक्षकाच्या पगारापुढे नगण्य, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं शाळेच्या वेळेतच दोन तास वेगळी घेऊन बसायची. इयत्तेचं पुस्तक बाजूला, मूल जिथे आहे तिथून अक्षर, शब्द, बेरीज. सगळ्यात मागची मुलं सगळ्यात जास्त पुढे गेली. आणि एक मजेशीर गोष्ट: ही मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, पण वर्गात उरलेल्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती डोकी कमी करून भागत नाही, शिकवणं मुलाच्या पायरीवर यावं लागतं. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात मिळवलेल्यातलं बरंच विरलं, हेही त्याच अभ्यासात आहे. त्यामुळे एकदाचं शिबिर लावलं आणि फोटो काढले की झालं, असं समजणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही.

मी मुख्याध्यापिका असताना हेच जमेल तसं केलं. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला पाऊण तास, तिसरी ते पाचवीचे सगळे वर्ग मोडून मुलं वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायची. अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली एकीकडे, परिच्छेदवाली एकीकडे. पहिल्या महिन्यात गोंधळ झाला. पाचवीचा दांडगा मुलगा तिसरीच्या पोरांत बसायला तयार होईना, म्हणून त्याला तक्ते धरायचं काम दिलं. दिवाळीपर्यंत तोच अक्षरं ओळखायला लागला. दोन वर्षं चाललं. मग एकदम तीन शिक्षक अतिरिक्त ठरून गेले आणि गट चालवायला माणूसच उरलं नाही. वरून प्रशिक्षण आलं, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान नावाचं, त्यात जवळजवळ हेच सांगितलं होतं. आम्ही मान डोलावून चहा घेतला आणि परत आलो.

तर तुम्ही काय कराल. दोन्ही शाळांत जा. सकाळी प्रवेशाच्या चौकशीच्या वेळी नको, त्या वेळी सगळं आवरलेलं असतं. मधल्या सुट्टीनंतर जा, आणि शनिवारी जाऊ नका. मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा. दुसरीच्या वर्गशिक्षिका या वर्गावर कधीपासून आहेत? पहिली-दुसरी वेगळ्या बसतात की जोडवर्ग आहे? आणि ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणता तास ठेवलाय? तिसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळ्यांना वाचता येतं’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. ‘अकरा जण मागे आहेत, शाळा सुटल्यावर बाई अर्धा तास थांबतात’ असं उत्तर आलं तर त्या शाळेत फलक नसला तरी चालेल.

शाळेबाहेर तिसरी-चौथीची दोन-चार पोरं भेटली तर त्यांच्या आईला विचारून एक साधी गोष्ट करा. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक न्या, मधलं कुठलंही पान उघडून चार ओळी वाचायला सांगा. वरून खाली नाही, मधून. मग त्रेसष्ठातून सत्तावीस वजा, हातच्याची वजाबाकी. पाच मिनिटं लागतात. हुशार पोर पुढे येईलच, तुम्ही मागे रेंगाळणाऱ्याला विचारा.

तुमच्या मुलीपुरतं मात्र उत्तर सोपं आहे. घरी तुम्ही मराठी बोलता, तुम्ही वाचता, ती बालवाडीत गेली आहे, पाण्यासाठी तिला हंडा धरायचा नाही. दोन्हीपैकी कुठल्याही शाळेत ती वाचायला शिकेल. त्यामुळे जवळची निवडा, आणि दुसरीला बाई टिकणारी निवडा. माध्यमासाठी दूरची शाळा धरू नका. पुढे सेमी इंग्रजी घेता येतं.

आणि गोवंडीकडच्या शाळेत घातलंत तर शाळा व्यवस्थापन समितीत नाव द्या. कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. बहुतेक सभांत सह्या होतात आणि चहा होतो. तुम्ही फक्त एक विषय लावून धरा: दुसरीच्या बाईंची बदली वर्षाच्या मध्ये होणार नाही आणि त्यांना निवडणुकीच्या कामातून वगळावं, असा ठराव लिहून घ्या, इतिवृत्तात तारखेसह. पहिल्या वेळी कुणी दखल घेणार नाही. दुसऱ्या सभेत पहिल्या ठरावाचं काय झालं ते विचारा. मी खुर्चीत असताना असं विचारणारा पालक सहा वर्षांत एकच भेटला. भाजीची गाडी लावायचा. त्याच्यापुढे आमच्या विभाग निरीक्षकांनाही उत्तर द्यावं लागायचं.